शुक्रवारची होडी

नाइकोरो, काडावू
रविवार, १७ मार्च १९९१

आई,

हे पत्र पोचेल तेव्हा तुझी तब्येत बरी असावी. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहोत. यंदाचं वादळ दक्षिणेकडून निघून गेलं. कसावा आडवा झाला, पण घरांचे पत्रे राहिले. लाइसानी मावशीचे गुडघे दुखतात, तरी प्रार्थनेला पहिल्या रांगेत तीच असते. तुझा पत्ता तिनेच नाताळात दिला. पंचवीस वर्षं तिच्याकडे होता. मी मागितला नाही म्हणून दिला नाही, म्हणाली.

मी अकोसिता. अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून नाव आधी लिहिते. माझं लग्न झालं. नवरा एरोनी, मासे धरतो, शाळेची होडीही तोच चालवतो, स्वभावाने शांत आहे. मुलगी एकच, वासिती, सहा वर्षांची. जानेवारीत ती शाळेत गेली. तेवढंच कळवायचं होतं.

शाळा तीच, खाडीपलीकडची. आपल्या गावची मुलं अजूनही सोमवारी सकाळी होडीने जातात, आठवडाभर वसतिगृहात राहतात आणि शुक्रवारी दुपारी परत येतात. शिडाच्या जागी इंजिन आलं एवढंच. झोपायची चटई घरूनच न्यायची असते. वासितीची चटई मी नाताळपासून विणत होते. एरोनी म्हणाला, "एवढी रुंद कशाला? एकटी तर झोपणार आहे." मी विणत राहिले.

वसतिगृहात दर आठवड्याला मुलांच्या आयांपैकी दोघी रांधायला जातात, हे तुला आठवत असेल. माझी पाळी खरं तर एप्रिलमध्ये येणार होती. पहिल्या आठवड्यात एका बाईचं पोर तापलं होतं, तिच्या जागी मी गेले. दुसऱ्या आठवड्यात कुणाचं पोर तापलं नव्हतं, तरी गेले. असे पाच आठवडे दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या. बायका खूश होत्या. एरोनीला मात्र मी सांगितलं, त्याच माझ्या मागे लागतात. रांधणीच्या खोपटात झोपायचे. मुलींची खोली भिंतीपलीकडेच आहे, वासिती खोकली तरी ऐकू यायची.

पोरं तिला 'शेपूटवाली' म्हणायला लागली, शेपूट म्हणजे मी. तिने मला हे सांगितलं नाही, दुसरीकडून कळलं. मधल्या सुट्टीत ती खेळायला जात नसे, माझ्याजवळ नारळ खवत बसे. मला ते बरंच वाटायचं, हे तुला खोटं कशाला सांगू.

पाचव्या आठवड्यात एकदा नारळ खवता खवता ती म्हणाली, "आई, तू घरी जा."

"कंटाळलीस मला?"

"नाही. पण बाकीच्यांच्या आया जातात, आणि मग येतात. तू जातच नाहीस, तर येणार कशी?"

पुढच्या सोमवारी मी तिला सोडून त्याच होडीने परत निघाले. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, कमरेला गुंडाळलेला सुलू भिजवून घेतला. कधी येशील, तिने विचारलं. एक शब्द म्हणायचा होता. तो माझ्या तोंडून निघेना. एरोनीने इंजिन सुरू केलं आणि मी दुसरीकडे बघत बसले.

शुक्रवारी येते, असं तू म्हणाली होतीस. त्याच वाळूवर. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शुक्रवारी गावची होडी आली. ये, बस, होडीतले म्हणाले. मी बसले नाही, कारण तू येणार होतीस. दुसऱ्या शुक्रवारीही बसले नाही. तिसऱ्या शुक्रवारी मावशीने मला उचलून होडीत ठेवलं. मी तिच्या दंडाला कडकडून चावले, तो वण अजून आहे. आई सुवाला, शहरात कामाला गेली, एवढंच मला सांगितलं. त्यापुढे कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे लिहायचं ठरवून बसले नव्हते.

त्या आठवड्यात शुक्रवारी वारा सुटला. एरोनी दोनदा किनाऱ्यावर जाऊन आला आणि होडी काढता येणार नाही म्हणाला. मी त्याला नको नको ते बोलले. लग्नाला नऊ वर्षं झाली, तसं कधी बोलले नव्हते. मग तिथेच बसून त्याला सगळं सांगितलं, तुझ्याबद्दल आणि त्या पाळ्यांबद्दलही. तो म्हणाला, "पाळ्यांचं मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. मी पाण्यात उडी टाकूनच गेले. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. वासिती वसतिगृहामागे दोन मुलींबरोबर दोरीवर उड्या मारत होती. मला बघून म्हणाली, "थांब, माझा डाव आहे."

डाव संपेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, काल रडलीस का?

"थोडी. मग मास्तर म्हणाले, वारा आहे, आई उद्या येईल. मग जेवले."

आई, मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. वारा आहे, एवढं म्हटलं असतं तरी मी जेवले असते.

आता मी तिला दर सोमवारी सांगते: शुक्रवारी येते, वारा असला तर शनिवारी, पण येते. ती ऐकून होय म्हणते आणि पळते. मागे वळून बघत नाही. चटईवर आता ती तिच्या मैत्रिणीला शेजारी घेऊन झोपते.

तू का गेलीस ते मला विचारायचं आहे. तुला मी नको होते, हे एकच उत्तर मी पंचवीस वर्षं धरून बसले होते. त्या सोमवारी होडीत मान फिरवून बसले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तुझ्याकडे वेगळं असेल. असेल तर लिही. नसेल तरी लिही.

तिला आजी आहे हे वासितीला अजून सांगितलेलं नाही. तुला यायचं असेल तर सुवाहून जहाज दर पंधरवड्याला निघतं. दिवस मला कळव. मी तो तिला सांगणार नाही. तू किनाऱ्यावर उतरलीस की मगच सांगेन.

लाइसानी मावशीने वाढवलेली, तुझी
अकोसिता