आजीपासूनचा खार

११ मे, पॅरिस

उतरले. बॅगेतली बरणी शाबूत — तीन टॉवेल आणि दोन पायजमे गुंडाळले होते तिला. मुळ्या-मिरच्यांचं लोणचं. लेकीसाठी, यालानसाठी. मिलानला असते, रविवारी भेटायचं. तीन महिने तिचा धड फोन नाही. केला तर "कामात आहे गं आई." परदेशी निघाली तेव्हा माझ्या आजीपासून चालत आलेला खार बाटलीभर दिला होता. विरजणासारखंच ते, जुना खार असला तरच नवं लोणचं मुरतं. तो कसा आहे विचारलं की फोन कट. विसरली आम्हाला. पाव-चीजची झाली.

मी मात्र चीनमध्ये, आमच्या छंगतूत गल्लीभर सांगून आलेय — जिथे जाईन तिथलंच खाईन!

१२ मे

सकाळी थंड दूध, थंड हॅम. दुपारी गोगलगायी. खाल्ल्या, फोटो काढला, शेजारणींना पाठवला. मग खोलीवर येऊन किटलीत नूडल्स. खोलीतली जोडीदारीण लुओबाई म्हणाली, "ताई, नुसत्या नूडल्स उतरत नाहीत हो घशाखाली. त्या बरणीत काय आहे?"

एकच मुळा काढला. लेकीचा, म्हणून अर्धा अर्धा.

१३ मे

असे चार मुळे.

१४ मे, स्वित्झर्लंड

जेवायला वितळलेलं चीज. नंतर सहलीच्या बसमधली सगळी मंडळी आपापल्या जेवायच्या काड्या घेऊन आमच्या खोलीत. मी कशी मोठ्या मनाची, सगळ्यांना वाढलं! खरं म्हणजे सगळ्यांत जास्त मीच हाणलं.

१६ मे

बरणीत एक मिरची पोहतेय. बाकी नुसता खार. लेकीला काय देऊ, खारं पाणी? लाज वाटली. ओतून टाकायला बेसिनपर्यंत गेले. लुओबाईने हात धरला, "जुना खार कुणी ओततं का? वेड लागलंय का, ताई?"

झाकण लावलं. शेवटची मिरची तिला दिली.

खोटं. मीच खाल्ली.

१७ मे, मिलान

"वाटेत आईनेच फस्त केलं गं. नुसता खार उरलाय."

 यालान बरणी पोटाशी धरून रडली. "माझा खार फेब्रुवारीतच मेला, आई. बुरशी आली. तुला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून फोन..."

संध्याकाळी दोघींनी मुळे चिरून खारात घातले. बरणी तिच्या ओट्यावर. मला अजून चार दिवस चीज.