चौदा थांबे आणि आईची टाइल

ग्रोनिंगेन, १४ एप्रिल

चि. एव्हर्टास,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भिंग लावून दोन दिवसांत वाचून काढलं. लहानपणी तुझं अक्षर मुंगीएवढं होतं, आता ते मुंगीच्या पिल्लाएवढं झालंय. सत्तरीला आलास, अजून कागद कसला वाचवतोस? फोनवर आपण भांडतो म्हणून आईने पत्रांची सवय लावली खरी, पण तुझं अक्षर वाचताना भांडणच बरं असं वाटतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे आणि तो पसरतोय. कडेचं दिसत राहील, मधलं हिवाळ्यापर्यंत जाईल म्हणतात. अजून तसं भागतंय, उगाच घाबरून जाऊ नकोस. पण आहे तोवर मला एकदा हार्लेम डोळे भरून बघायचंय. चर्चचं लाकडी छत, नदीकाठची पवनचक्की, आणि मुख्य म्हणजे आईच्या दाराशेजारची निळी टाइल. त्या होफ्येत, एकट्या बायकांच्या त्या अंगणात, आई शेवटची अकरा वर्षं राहिली. घराबाहेर पडताना दर वेळी टाइलवरच्या जहाजाला बोट लावून निघायची. जहाज मला आठवतं. पण डोलकाठीपाशी एक माणूस आहे ना, तो हात हलवतोय की दोर ओढतोय, ते काही केल्या आठवत नाही. आठ दिवस तेवढंच डोक्यात घोळतंय.

आता रागावू नकोस. मी एकटी फिरणार आहे. माझ्या लेकीने, यानेकेने, फोनवर शहराची फेरी घालून दिलीय. त्यातली बाई कानात बोलते आणि गप्प बस म्हटलं की गप्प बसते. तुझ्या फेरीला मागे एकदा आले होते. चर्चमध्ये मी मान वर करेपर्यंत तू पुढच्या दारात जाऊन उभा होतास. संध्याकाळी तुझ्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला येईन.

लोभ आहेच, तो माझ्या चालीने वाढू दे.
तुझी ताई,
आलेइडा


हार्लेम, १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. दुसऱ्या डॉक्टरलाही दाखव. बाकी पत्र वाचून मात्र अंगाचा तिळपापड झाला.

फोन! ताई, एकोणीस वर्षं मी या शहराच्या फेऱ्या करतोय. शाळेतून निवृत्त झालो त्याच्याही आधीपासून. ही फोनवाली माणसं मी रोज बघतो. चर्चकडे पाठ करून पडद्यावर चर्च बघतात. परवा एक गृहस्थ चीजच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला नगरभवन समजून पंधरा मिनिटं उभे होते. मी सांगायला गेलो तर हाताने थांबा म्हणाले, कारण कानातली बाई अजून बोलत होती. आमच्या वाटाड्यांच्या मंडळातही हल्ली सगळ्यांना फोनच हवाय. म्हणतात, त्याला पाऊस लागत नाही आणि तो वाद घालत नाही. आणि आता माझी सख्खी बहीणही त्यांच्यात.

शनिवार, १० मे. यादीत पहिलं नाव तुझं लिहिलंय. चौदा थांबे, दोन तास. होफ्ये शेवटचा थांबा आहे. तिथे चार मिनिटं मिळतात, जास्त थांबलं की तिथल्या बायका खिडक्यांचे पडदे ओढतात. टाइल मी स्वतः दाखवीन.

नियम तुला माहीत नसतील म्हणून लिहितो. चौकात शनिवारचा बाजार असतो, त्या कलकलाटात मी एक शब्द बोलत नाही. मासळीच्या गाडीजवळ पाटी धरून उभा असतो. दोनची घंटा संपली की पाटी वर करतो आणि चालू लागतो. पहिला शब्द चर्चच्या मागे, शांततेत. मी कुणासाठी थांबत नाही. नगराध्यक्षांच्या सासूबाईंनाही मागे टाकून गेलोय.

लोभ असावा, फोनपेक्षा थोडा जास्त.
तुझा,
एव्हर्ट


ग्रोनिंगेन, २६ एप्रिल

चि. एव्हर्टास,
अनेक उ. आशीर्वाद.

चार मिनिटं! आईकडे जाऊन मी दुपारभर बसायचे, कॉफीबरोबर दोन बिस्किटं खाल्ली म्हणून बोलणीही खायचे. आता त्याच दारासमोर मला चार मिनिटं, आणि तीसुद्धा अनोळखी लोकांच्या खांद्यावरून. तुझी ही फेरी आहे की आगीची कवायत?

तरी येते. तू रुसलास की सहा सहा महिने पत्र नसतं हे मला पाठ आहे, आणि माझ्याकडे तेवढे महिने नाहीत. पण दोन गोष्टी कर. छतापाशी मला थोडी जास्त उभी राहू दे. आणि पाटीवर तुझं नाव मोठं लिही. मंडळाच्या सगळ्या पाट्या सारख्याच हिरव्या असतात असं यानेके म्हणते. मला तू सापडायला हवास. मी आईचा बाटली रंगाचा कोट घालून येईन.

लोभ ठेव, घड्याळ जरा सैल ठेव.
आलेइडा


हार्लेम, ११ मे

ती. ताईस,
सा. न.

काल जे झालं त्यावर काय लिहावं ते कळत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

तू आली नाहीस. अकरा माणसं उभी होती. आज माझी मोठी बहीण येणार आहे, असं मी त्यांना चौकात येण्याआधीच, नोंदणीच्या खोलीत सांगून बसलो होतो. घंटा संपली. मी मनात वीसपर्यंत मोजलं. एकोणीस वर्षांत कुणासाठी मोजलं नव्हतं. मग पाटी वर केली आणि निघालो. निघायलाच हवं होतं, अकरा लोकांचा वेळ काही माझ्या घरचा नाही.

उशीर झाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण चार वाजता मी तुला पाहिलं. कालव्याच्या पलीकडच्या काठाला तू उभी होतीस, आईचा कोट आणि कानात ती वायर. मी हात केला. पाटीसकट केला. तू सरळ माझ्याकडे बघितलंस आणि तोंड फिरवून चालू लागलीस. माझ्या अकरा माणसांनी ते बघितलं. त्यातल्या एका बाईंनी मला चॉकलेट दिलं, ताई. इतका मी केविलवाणा दिसत होतो.

एकटीच फिरायचं होतं तर तसं कळवायचं. मला वगळायला माझीच फेरी कशाला निवडलीस? आणि सूप प्यायलाही आली नाहीस. सहा माणसांचं सूप आता मी तीन दिवस पीत बसणार.

लोभ असेल तर कळव.
एव्हर्ट


ग्रोनिंगेन, १७ मे

चि. एव्हर्टास,
आ.

हो, झाला मला उशीर. गाडी अडकली. लिहून ठेव तुझ्या वहीत.

सख्ख्या बहिणीसाठी वीस आकडे मोजलेस, उपकार झाले. शंभर मोजले असतेस तर काय चर्च उठून गेलं असतं? सहाशे वर्षं ते तिथेच आहे.

आणि फोनचंही ऐक, म्हणजे तुला गार वाटेल. ती कानातली बाई तुझ्याहून वाईट आहे. चर्चमध्ये छताविषयी एवढी बोलली की छत बघायचं राहून गेलं. थांबवायचं बटण कुठे आहे ते कळेना, दाबलं तर ती जर्मन बोलायला लागली. मग म्हणे डावीकडे वळा आणि दरवाजा बघा. डावीकडे कालवा होता. तुझ्याबरोबर धावायचं, नाहीतर तिच्याबरोबर बुडायचं, एवढंच माझ्यासारखीच्या नशिबी आहे का? मला फक्त कुणीतरी गप्प उभं राहायला हवं होतं आणि मी विचारलं की बोलायला हवं होतं. असली फेरी या देशात कुणी काढतच नाही.

आईची टाइल बघितली. जहाज तसंच आहे. झालं समाधान. आता हा विषय नको.

सूप गोठवून ठेव. लोभाचं पुढे बघू.
आलेइडा


हार्लेम, २४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विषय नको म्हणालीस तरी लिहितोय.

तुझी गाडी अडकली नव्हती. मी स्टेशनवर जाऊन विचारलं. बारा एक्कावन्नला यायची ती बारा एक्कावन्नलाच आली होती. हे विचारायला गेलो तेव्हा रागात होतो, तुला खोटं पाडायचं होतं, हेही कबूल करतो.

मग मासळीच्या गाडीवर हेरिंग खायला थांबलो. गाडीवाला सीम म्हणाला की त्या शनिवारी बाटली रंगाच्या कोटातल्या एक बाई दोनला दहा कमी असल्यापासून गिऱ्हाइकांच्या गर्दीआड त्याच्या गाडीपाशी उभ्या होत्या. घंटा चालू असताना त्यांनी त्याला विचारलं की यातला एव्हर्ट कुठला. तो कांदा चिरत होता. मान वर करून मला दाखवायला गेला, तोवर मी पाटी घेऊन निघालो होतो. ताई, ती गाडी आणि माझी जागा यांत सहा पावलं आहेत. मी मोजली.

काल होफ्येत गेलो. आईच्या नऊ नंबरात आता काउपर बाई राहतात. त्या दिवसभर खिडकीत असतात. त्या म्हणाल्या, दाराशी कुणी आलं नाही. एक बाई पलीकडच्या चार नंबरच्या भिंतीवरून बराच वेळ हात फिरवत होत्या, मग बाकावर बसल्या आणि निघून गेल्या. चार नंबरला टाइल नाही.

तू तिथे होतीस तर मला हाक का नाही मारलीस?

उत्तर लवकर दे. मला काही सुचत नाही.
एव्हर्ट


ग्रोनिंगेन, ३० मे

चि. एव्हर्टा,
आशीर्वाद.

हाक कुणाला मारू? समोर तीन घोळके होते आणि तीन हिरव्या पाट्या. प्रत्येक पाटीखाली टोपी, आणि टोपीखाली काही नाही. मला आता माणसांना चेहरेच नसतात. मधलं हिवाळ्यात जाणार होतं, ते एप्रिल संपायच्या आतच गेलं. तुला कळवलं नाही, कारण तू यादीतून माझं नाव काढून मला घरी बसवलं असतंस. तुझी पत्रंही यानेके वाचून दाखवते. हे पत्र मी सांगतेय, ती लिहितेय, आणि मध्येच नाक पुसतेय.

मी तुझ्या आवाजाची वाट बघत होते. म्हटलं, एक शब्द बोलेल आणि मी बरोबर त्याच्यापाशी जाईन. तू चौकात तोंड उघडत नाहीस हे मला पत्राने कळलं होतं, तरी वाटलं, ताई आली नाही म्हणून कुणाला तरी विचारशील, निदान खोकशील. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने भर बाजारात माझा भाऊ कुठला, असं विचारत फिरायचं? शेवटी सीमला विचारलं तेव्हा घंटेत काही ऐकू येईना. मग घंटा थांबली आणि तीनही घोळके तीन दिशांना गेले.

तू कालव्यापलीकडून हात केलास हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. यानेकेने ते वाचलं तेव्हा मी तिला बराच वेळ पुढे वाचू दिलं नाही. उशीर झाला म्हणून रागावलास, तर म्हटलं उशीरच असू दे. आंधळी झाली, यापेक्षा ते बरं वाटलं. टाइल मला सापडली नाही. दारं मोजताना चुकले.

माझं चुकलं. तुझंही चुकलं.
लोभ होता, आहे.
ताई


हार्लेम, ३ जून

ती. ताई,
सा. न.

हे मी जाड पेनाने लिहितोय, एका कागदावर चार ओळी. कडेकडेने तुला काही लागलं तर तू स्वतः वाच, नाहीतर यानेके वाचेल. कागद संपले तर आणखी आणीन.

पाटीवर नाव मोठं लिही म्हणून तू सांगितलं होतंस. मी लिहिलं नाही. मंडळाच्या पाट्यांवर तसं करत नाहीत, एवढंच कारण. एकोणीस वर्षं मी लोकांना काय बघायचं ते सांगत आलो, आणि तुला काय दिसतं ते एकदाही विचारलं नाही. त्यावरून स्वतःचाच इतका राग येतोय की जेवण जात नाही.

मंगळवारी, दहा तारखेला ये. बाजार नाही, पाटी नाही, घंटा नाही, माणसं नाहीत. मी फलाटावर असेन आणि तुझी गाडी थांबायच्या आधीपासून बोलत राहीन. काय बोलेन ते माहीत नाही, बहुतेक हवेविषयी. लोक बघतील, बघू देत. तू आवाजाच्या दिशेने ये.

त्यानंतर तुला वाटेल तिथे थांब, वाटेल तेवढं थांब. तू विचारशील तेव्हाच बोलेन. छतापाशी दिवस गेला तरी चालेल. काउपर बाईंना सांगून ठेवलंय. त्या दार उघडं ठेवणार आहेत, कॉफी देणार आहेत आणि पडदा ओढणार नाहीत. अकरा वाजता त्या भिंतीवर ऊन येतं.

तो माणूस काय करतोय ते मी काल बघून आलो, पण पत्रात लिहीत नाही. तू टाइलवर बोट ठेव आणि जरा तिरकी उभी राहा. कडा तू बघ, मधलं मी सांगतो.

लोभ वाढव, पावलं हळू टाक.
तुझा,
एव्हर्ट