माझी रिकामी बरणी

रविवार, १ सप्टेंबर

आज उपासनेत पाळकसाहेबांनी नवा उपक्रम जाहीर केला. महिनाभर कुरकुर बंद. प्रत्येकाने घरी एक काचेची बरणी ठेवायची. तोंडातून कुरकुर निघाली की बरणीत एक बटण टाकायचं. शिवाय रोज एका तरी गोष्टीबद्दल प्रभूचे उपकार मानायचे. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापली बरणी घेऊन चर्चमध्ये यायचं आणि कुणीतरी एकजण साक्ष देणार, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणार.

कोण देणार, ते साहेबांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नाही. ज्याची बरणी रिकामी, तो देणार. साधं लॉजिक आहे.

मला अकरा वर्षं साक्षीला उभं केलेलं नाही. शेवटच्या वेळी मी चाळीस मिनिटं बोललो होतो. त्यातली पस्तीस तिसऱ्या बाकावरच्या पंख्याबद्दल होती हे खरं, पण पंखा वाजतो हेही खरं. अजून वाजतो. तेव्हापासून दर वेळी मेहुणा. हिचा भाऊ. वडीलमंडळात आहे आणि आमेन इतक्या मोठ्याने म्हणतो की तान्ही पोरं दचकतात. साक्ष दर वर्षी तीच, मूतखड्याची. अकरा वर्षांत खडा वाढत चाललाय.

या वेळी मी. ठरलं.

ही वही नवी काढली. माझ्याशिवाय आणि प्रभूशिवाय कुणी वाचायची नाही.

आजचे उपकार: मला मुळात कुरकुरीची सवय नाही, त्याबद्दल.

सोमवार, २ सप्टेंबर

हिने जॅमच्या दोन बरण्या धुऊन जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. एकीवर 'पप्पा', एकीवर 'आई'. मुलीने चिठ्ठ्या चिकटवल्या. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिने स्वतःला पंच नेमलं. बटणांचा तोटा नाही. ही घरी शिवणकाम करते, डबा भरलेला असतो.

मी पाणी खात्यात तक्रार खिडकीवर बसतो. सव्वीस वर्षं. लोक कुरकुरतात, मी रजिस्टरमध्ये लिहितो, 'दखल घेतली' असा शिक्का मारतो, पुढचा. कुरकुर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढं म्हणालो. मुलीने लगेच काळं बटण वर धरलं. मी तिला शांतपणे समजावलं. ज्यावर उपाय नाही त्याबद्दल बोलणं म्हणजे कुरकुर. मीठ वरून घालता येतं. म्हणजे ही माहिती झाली. मी कुरकुर करत नाही, मी लक्षात आणून देतो. ती म्हणाली अपील करा. केलं. ऐकलं मीच, कारण घरात वडील मीच. मंजूर झालं.

हिने ते बटण उचलून नेलं.

आजचे उपकार: न्याय मिळाला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

जेवणाआधीची प्रार्थना मी केली. प्रभू, हे अन्न, जरी थोडं गार असलं, आणि काल याहून बरं होतं, तरी तुझी देणगी म्हणून आम्ही स्वीकारतो. मुलीने डोळे मिटलेले ठेवून दोन बटणं टेबलावर ठेवली.

दोन्ही नाकारली. देवाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं.

रविवार, ८ सप्टेंबर

उपासनेनंतर मेहुण्याला सहज विचारलं, किती झाली. तेवीस म्हणाला. हसत म्हणाला. लाज नाही ती नाहीच. माझी किती, असं त्याने विचारलं. शून्य. त्यावर तो खोकला.

त्याच्यासाठी प्रार्थना केली. जरा मोठ्याने, म्हणजे त्याला धीर येईल.

आजचे उपकार: प्रभू, मी मेहुण्यासारखा नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

खिडकीवर एक म्हातारी आली. हातात गढूळ पाण्याची बाटली. चौथा हेलपाटा म्हणे. मी तिला दोन शब्द विश्वासाचे सांगितले. पाणी येतंय हेच बघा, आधी आभार मानायला शिकावं, कुरकुरीने आत्मा कोरडा पडतो. तिने बाटली खिडकीतून आत सरकवली आणि घोटभर पिऊन दाखवता का, असं विचारलं.

लोकांना अध्यात्माची गोडी नाही.

दुपारी सुपरवायझरने बोलावलं. गेल्या महिन्यात खिडकीवरच्या माणसाविरुद्ध तीन तक्रारी आल्यात म्हणे. मी म्हणालो, शक्य नाही, आल्या असत्या तर मला कळलं असतं. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. तिन्ही माझ्याच अक्षरात. खाली शिक्काही मीच मारलेला. कामाच्या धबडग्यात कोण वाचत बसतं.

घरी येऊन हा सगळा अन्याय दीड तास सविस्तर सांगितला. मुलीने सात बटणं मांडली. मी मुद्दा काढला: घटना ऑफिसात घडली, बरणी घरची. हद्दीत येत नाही. सातही रद्द.

ही मशीनवर बसली होती. उठली, सातही ओंजळीत घेतली आणि आत गेली. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची हिला फार आवड आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

धक्का बसला.

टेबलावर पेपर टाकताना हिच्या बरणीकडे लक्ष गेलं. अर्धी भरलीय. तळाशी दोन पांढरी सोडली तर सगळी काळी. दोन आठवड्यांत एवढी. मी हिला कुरकुरताना कधी ऐकलेलं नाही. म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर करत असणार. माणूस सत्तावीस वर्षं एका छपराखाली राहतो आणि ओळख पटत नाही.

मी काही बोललो नाही. मोठेपणा दाखवला. माझी बरणी मात्र तिच्या बरणीच्या अगदी शेजारी सरकवली, म्हणजे तुलना करून तिचं तिलाच कळेल. शहाण्याला शब्दाचा मार.

आजचे उपकार: दोघांपैकी निदान एकाची बरणी रिकामी आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर

शेवटी बोललोच. ही कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती, तोंडात टाचण्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि समाधान या विषयावर अर्धा तास सांगितलं. मन मोकळं कर म्हणालो. तिने हं म्हटलं. टाचण्यांमुळे असेल.

नंतर म्हणाली, पायडल मारून गुडघा दुखतो हो आताशा. मी म्हणालो, बघ, हेच ते. ती उठली आणि आपणहून एक पांढरं बटण तिच्या बरणीत टाकलं. अपील वगैरे काही नाही. प्रामाणिकपणा आवडला. तसं तिला सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात मशीनच्या आवाजामुळे मला बातम्या ऐकू येत नाहीत हे लक्षात आणून द्यावं लागलं.

रविवार, २२ सप्टेंबर

पाळकसाहेबांना दारातच गाठलं. पुढच्या रविवारी साक्ष कोण देणार, असं आडून विचारलं. ते म्हणाले, प्रभू ज्याला उठवेल तो उठेल. असं म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे नक्की झालं.

आज पंखा नेहमीपेक्षा जास्त वाजत होता. मी फक्त दोघांना सांगितलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

साक्ष लिहून झाली. अकरा पानं, वर्षाला एक. विषय: कृतज्ञ जीवन. मेहुण्याचा उल्लेख फक्त तीनदा, तोही नाव न घेता.

आरशासमोर म्हणून पाहिली. आरसा फार खाली लावलाय, असं मी मलाच म्हणालो. पलीकडच्या खोलीतून बटण पडल्याचा आवाज आला. स्वतःशी बोललेलं धरत नाहीत.

शनिवार, २८ सप्टेंबर

हिची बरणी गळ्यापर्यंत भरली. मंगळवारपासून दुसरी सुरू केलीय. मी घराण्याच्या अब्रूचा विचार करून सुचवलं, की तिने त्या घरीच ठेवाव्या, विसरले म्हणून सांगता येईल. ती म्हणाली, नियम तो नियम, साहेबांनी आणायला सांगितलंय. कधीकधी हट्टाला पेटते.

उद्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं निघालं. शर्ट हिला दिला. ती म्हणाली डब्यात बटण उरलं नाही. शिवणकाम करणाऱ्या घरात बटण नाही. नाचता येईना अंगण वाकडं. हे मी लक्षात आणून दिलं. त्यावर मुलगी एवढी हसली की तिला ठसका लागला. आजकालच्या पोरांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

शेवटी टाचणी लावली.

आजचे उपकार: उद्या.

रविवार, २९ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. पण महिनाभर लिहायचं ठरलंय.

सगळ्यांनी बरण्या पुढे टेबलावर ठेवल्या. वाटाणे, खडे, बटणं, काय काय. ही मात्र आपल्या दोन्ही बरण्या मांडीवर घेऊन बसली. रिकामी फक्त माझी. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मेहुणा उठायच्या आत मी उठलो.

पहिली दोन पानं उत्तम झाली. टाचणी गळ्याला टोचत होती, मी सहन केलं. तिसऱ्या पानावर बरणी उंच धरून सगळ्यांना दाखवली. म्हणालो, प्रभूच्या कृपेने महिनाभर हिच्यात एक बटण पडलं नाही. पण दिव्याखाली अंधार असतो. माझ्या पत्नीच्या दोन भरल्या. मी मंडळीला नम्र विनंती केली, की तिच्यासाठी प्रार्थना करावी.

पाळकसाहेबांनी हिला हळूच विचारलं, बाई, तुम्हाला काही बोलायचंय का. मला वाटलं ही नाही म्हणेल. ही चार माणसांत कधी बोलत नाही. उठली. पुढे आली नाही, जागेवरूनच बोलली. पांढरी माझी आहेत म्हणाली, सहा. काळी यांची. हे घेत नव्हते. पण कुरकुर तर झाली होती, बटण तर पडायलाच हवं होतं. मग मी माझ्यात टाकली.

एवढंच. बसली.

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. मेहुण्यानेही आमेन म्हटलं नाही. तो खाली बघत होता. सगळ्या चर्चमध्ये फक्त पंखा वाजत होता. त्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही.

हातात आठ पानं उरली होती. बसलो.

घरी येताना बरण्यांची पिशवी माझ्याकडे होती. जड होती.

दुपारी दार लावून बटणं पलंगावर ओतली. काळी दोनशे चौदा. माझ्या मते त्यातली निदान चाळीस वादग्रस्त आहेत, आणि ती वेगळी काढून हिला दाखवायची असं मी ठरवलं होतं. एकेक उलटून पाहिलं. सगळी सारखीच दिसतात. कुठलं मिठाचं, कुठलं ऑफिसचं, कुठलं आरशाचं, काही कळत नाही.

बाहेर जाऊन हिला विचारलं, परत डब्यात का नाही टाकलीस. तुझ्या बरणीत कशाला. ती पडद्याची दुमड उसवत होती. वर न बघता म्हणाली, जागा होती.

दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणं, हे मी लहानपणापासून दर रविवारी ऐकतोय. पन्नास वर्षं. वधस्तंभ समोर भिंतीवरच असतो. मी आमेनही म्हणतो. घरात जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी, ते महिनाभर चाललं होतं आणि मी तिला समाधानावर भाषण देत होतो.

मला लाज वाटली. लिहून ठेवतो, ही वही कुणी वाचत नाही म्हणून.

सोमवार, ३० सप्टेंबर

सकाळी उठल्या उठल्या टॉवेल ओला लागला. बोललो. मग आपणच जाऊन एक काळं बटण 'पप्पा' लिहिलेल्या बरणीत टाकलं. अपील केलं नाही. मुद्दा होता, तरी केलं नाही. एकटं बटण रिकाम्या बरणीत फार वाजतं.

मग ठरवलं, आज हिचे आभार मानायचे. तोंडावर, नीट. देवाचे मानतो ते वहीत, मग हिचे मानायला काय हरकत आहे. सत्तावीस वर्षांत कधी मानले का, आठवून पाहिलं. मानले असतील. तारीख आठवत नाही.

दाढी करताना वाक्य तयार केलं. मोठं होतं, दोन्ही बरण्या त्यात येत होत्या. टेबलावर बसल्यावर त्यातलं काही सुचेना. ही समोर उभी, हातात गाळणी. शेवटी म्हणालो, चहा चांगला झालाय.

ही थांबली. माझ्याकडे बघितलं. माझा कप उचलला, एक घोट घेतला आणि विचारलं, काय कमी पडलंय.

काही नाही म्हणालो. खरंच काही नाही, चांगला झालाय. दोनदा सांगितलं. तिला ते पटलं नाही. आणखी अर्धा चमचा साखर घातली, ढवळून कप परत ठेवला आणि आता बघा म्हणाली.

आजचे उपकार: चहा. फार गोड होता. सगळा प्यायलो.