प्राचीच्या गाडीला पिकअपचा एक्सल

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तुटलं! या वर्षातलं तिसरं.

प्राची काल मंचरच्या पुढच्या माळावर मातीच्या शर्यतीला गेली होती. आज सकाळी गाडी टेम्पोत टाकून परत. झेंडा पडला, तिनं क्लच सोडला, मागून कटकन आवाज – खलास. हातभरसुद्धा पुढं गेली नाही म्हणे. टेम्पोतून उतरली ती हसत. माझ्यासमोर हसते आणि आईसमोर रडते, मला माहीत आहे.

दुपारी मागचा एक्सल उघडला. आतल्या डिफरन्शियलच्या क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, चार दात गायब, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला टक्कल. तेलात नुसता चुरा. व्हायचंच हे! पंचेचाळीस वर्षांची दोन सीटची नाजूक गाडी, मुंबईत कुणाच्या तरी गॅरेजात गंजत पडलेली. हिनं चाकणच्या कंपनीच्या पगारातून ती घेतली आणि पुढं बसवलं जीपचं इंजिन. बसवलं कुणी? मीच. बैल खिल्लार आणि जू एरंडाचं, मग दुसरं काय होणार?

प्राची म्हणाली, "आण्णा, आता पिकअपचाच एक्सल टाकू. एकदाच काय ते मजबूत!"

मी "बघू" म्हणालो.

इथं खरं लिहितो. ते तुटलेले दात हातात घेतले तेव्हा मला बरं वाटलं. पोरगी हरली, तिची सहा महिन्यांची खटपट वाया गेली, आणि बापाला बरं वाटलं! असला कसला बाप मी?

१० नोव्हेंबर

प्राचीच्या आईला, रत्नाला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला काय इचारता? पोरगी तुमची, पाने बी तुमचे."

१३ नोव्हेंबर

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

जुनंच कच्चं डिफरन्शियल ठेवलं तर ते झेंडा पडताच तुटतं. पोरगी जागेवर. धडधाकट घरी येते. पण समजा एखाद्या दिवशी ते जागेवर न तुटता वळणावर तुटलं? मागची चाकं जाम, गाडी पलटी. आणि पिकअपचं टाकलं तर तुटायचंच नाही. मग त्या इंजिनाचा सगळा जोर चाकांत. मग ती पळणार. म्हणजे कच्चं ठेवलं तरी भीती, पक्कं केलं तरी भीती. तीस वर्षं मिस्त्रीकाम करतोय, अख्ख्या बोरी गावचे ट्रॅक्टर या हातांखालून गेले, पण असला पेच कधी पडला नाही.

शर्यत मला नवी नाही. माझ्या बापाचा बैलगाडा चार वर्षं घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळाला. पण आमच्या घाटात गाड्यावर माणूस नसतो! बैल सुटले की सुटले, पुढं घोडीवाला. हरले तर बैल हरले. हिच्या गाड्यात माणूस आहे, आणि तो माणूस म्हणजे आमची प्राची.

"नको जाऊस" म्हणायला किती वेळ लागतो? तोंडच उघडत नाही. घोड्यावर बसवलं कुणी? आठ वर्षांची होती तेव्हा मांडीवर घेऊन ट्रॅक्टरचं स्टेअरिंग मीच दिलं हातात. आता कुठल्या तोंडानं सांगू?

१४ नोव्हेंबर

चाकणहून प्राचीचा फोन आला. "आण्णा, काय ठरलं?" मी हो म्हणालो. का म्हणालो?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आळेफाट्याहून पिकअपचा एक्सल आणला. काय माल आहे! क्राऊन थाळीएवढं, दात एकेक अंगठ्यासारखे. याला तोडायचं तर घण लागेल. पण रुंद आहे. प्राचीच्या गाडीखाली घातला तर चाकं दोन्हीकडून चार-चार बोटं बाहेर येतील. हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं नळकांडं, कापून आखूड करायचं, आतले शाफ्टही आखूड, मग गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्ड करायच्या.

बेल्ह्याला सोमाजीकडं घेऊन गेलो. बाजाराचा दिवस, रस्त्यावर बैल आणि टेम्पो यांची खेटाखेट, तासभर तिथंच. सोमाजीची माझी दोस्ती आयटीआयपासूनची. लेथवर त्याच्यासारखा हात तालुक्यात नाही. एक्सल बघून म्हणाला, "हौशीराम, पोरीला शर्यतीला पाठवतोयस का ऊस वाहायला?"

पिकअपचे दात ओढीचे असतात, पळायचे नाहीत. म्हणजे गाडी जोरात उठेल, पण टोकाचा वेग कमी. हे सुचलं आणि जीव जरा खाली पडला. घरी येऊन प्राचीला फोनवर सांगितलं. ती म्हणते, "मग झ्याकच की! मातीत ओढच लागती." घ्या!

३० नोव्हेंबर, रविवार

शाफ्ट कापून, नव्यानं दाते पाडून आले. आज क्राऊन-पिनियन बसवलं. दातावर दात नीट बसतो का ते बघायला मी शेंदूरच वापरतो – मारुतीचा शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा आणि हातानं फिरवायचं. जिथं दात घासतो तिथला शेंदूर निघतो. माझ्या उस्तादांनी शिकवलेलं. प्राचीला कंपनीत यासाठी वेगळी पेस्ट मिळते म्हणे. पण बसली माझ्या शेजारी, बोटं लाल करून. डाग दाताच्या बरोबर मधोमध आला! दोघंही ओरडलो. रत्ना घरातून धावत आली, कुणाला लागलं की काय म्हणून. आमची लाल बोटं बघून तशीच रागानं आत गेली.

आज भीती वाटलीच नाही. काम चालू असलं की वाटत नाही. काम थांबलं की वाटते.

७ डिसेंबर, रविवार

वेल्डिंग झालं. लाईट आज दिवसा होती, म्हणून बरं. बिबट्यामुळं अंधार पडायच्या आत शेड बंद करावीच लागते, त्यामुळं सगळं घाईत. हाऊसिंगवर खडूनं मोठ्ठं 'वर' लिहून ठेवलं होतं. खालच्या बाजूच्या जुन्या बैठका घासून काढायला एक्सल उलटा केला. मग डिझेलच्या फडक्यानं सगळा पुसला, मापं घेतली, नव्या बैठका वेल्ड केल्या.

प्राची चहा घेऊन आली. बराच वेळ एक्सलकडं बघत उभी होती. "झालं का, आण्णा?" झालं म्हटलं. "बरं," म्हणाली आणि कप घेऊन गेली. दमलेली वाटली.

१४ डिसेंबर, रविवार

हसावं का रडावं?

एक्सल बसवला. तेल भरलं. नारळ फोडला. निम्मी आळी जमलेली. मी स्वतः बसलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला – आणि गाडी मागं! सरळ कडब्याच्या गंजीत! मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. परत टाकला पहिला. परत मागं! दुसरा – मागं, आणखी जोरात. रिव्हर्स टाकला तर पुढं.

चार गिअर मागं, एक पुढं! पोरं लोळून लोळून हसली. बाळासाहेब सरपंच म्हणतो, "मिस्त्री, लई भारी! आता पोरीला म्हणावं उलटं तोंड करून बस, पयला नंबर कुठं जात न्हाई!"

खाली वाकून बघितलं. तेल काढायचा बोल्ट आभाळाकडं. एक्सल उलटा. मी बैठका उलट्या बाजूला वेल्ड केल्या होत्या. 'वर' पुसून गेलं आणि एक्सल परत सुलटा करायचा राहिला. क्राऊन उजवीकडचं डावीकडं गेलं, की चाकं उलटी फिरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि बसवताना, तेल भरताना मला तो बोल्ट दिसला नाही?

सगळे हसत होते. प्राची एकटीच हसली नाही. रागावली असणार.

१५ डिसेंबर

झोप नाही. एकच विचार. हात चुकला का मी चुकवला?

आठवून आठवून बघतोय. फडकं घेतलं तेव्हा 'वर' दिसलं होतं का? दिसलं असणार, एवढं मोठं होतं. मग पुसताना हात का थांबला नाही? थांबला होता का? कधी वाटतं थांबला होता. कधी वाटतं हे मी आता मनानं रचतोय. मुद्दाम केलं असतं तर आठवलं असतं ना? का मुद्दाम केलेलंच माणूस विसरतो?

सोमाजीला फोन केला. म्हणाला, "वय झालं राव तुझं. चष्मा बदल." तसं असेल तर बरं होईल! चष्मा असेल तर बरं होईल.

१७ डिसेंबर

चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. नंबर तोच आहे.

२१ डिसेंबर, रविवार

शर्यत १८ जानेवारीला. नाव आधीच दिलेलं आहे. आज सकाळी प्राची म्हणाली, "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या, आण्णा." खाली बघून म्हणाली. मला ते फार लागलं. पोरीचा बापाच्या हातावरचा विश्वास उडाला. माझ्यामुळं!

ग्राइंडर घेतला आणि सगळ्या बैठका कापून टाकल्या. नव्यानं वेल्ड केल्या. या वेळी खडू नाही, छिन्नीनं खूण ठोकली. ती दारात उभी राहून बघत होती. मी म्हणालो, "माझं चुकलं. आता बघ कसा करतो." एवढंच बोललो. बाकीचं काय बोलू? मुद्दाम केलं म्हणू? तर मला खात्री नाही. चुकून झालं म्हणू? तीही नाही.

२८ डिसेंबर

बसवला. दुपटीनं मजबूत. बैठकांना आडव्या पट्ट्याही दिल्या. सोमाजी म्हणतो, गाडी मोडंल, एक्सल न्हाई मोडायचा.

४ जानेवारी, रविवार

कालव्याच्या रस्त्यावर फिरवली. मी शेजारी. तिनं पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली! मागं कटकन नाही, कुरकुर नाही, नुसती ओढ. माझ्या तोंडून "वा!" गेलं. पाठोपाठ वळण आलं आणि मी दार घट्ट धरलं. तिनं बघितलं माझ्या हाताकडं. लगेच वेग कमी केला.

उतरल्यावर मी म्हणालो, छान झाली. ती म्हणाली, हो, छान झाली. मग दोघंही गाडीकडं बघत बसलो. दोन परकी माणसं एसटीची वाट बघतात तसे.

११ जानेवारी, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून उठलो. नको जाऊस – दोन शब्द. ती चाकणला परत निघाली, मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. सगळ्या रस्त्यानं जुळवाजुळव केली. बस आली. तोंडातून काय निघालं? "टायरची हवा बघून घे." बसच्या टायरची बघेल का ती? मूर्ख मी!

घरी आलो तर रत्ना दारात. "सांगितलं?" मी नकारार्थी मान हलवली. तिनं तिकडं तोंड केलं आणि म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. तुमी दोघं एका मुशीतलं. पाना हातात असला तरच बोलता."

१७ जानेवारी

उद्या. नट-बोल्ट चार वेळा आवळले. सगळे घट्ट आहेत. ढिलं काही सापडत नाही.

१८ जानेवारी, रविवार. माळावर

वही घरीच राहिली. शर्यतीच्या नियमांच्या कागदामागं लिहितोय.

तिचा नंबर अकरावा. सातवा सुटला तेव्हा आम्ही चाकाला टेकून बसलो होतो. एकदम म्हणाली, "आण्णा, एक्सल उलटा हाय ते मला त्याच दिवशी दिसलं व्हतं. च्या घेऊन आले तवा."

मग बोलली का नाहीस?

"लई भ्या वाटतं मला. दर बारीला तुटायची तवा आतनं बरंच वाटायचं. तो उलटा बघितला अन् म्हणलं, आण्णांनी मुद्दाम केलंय. आता थांबवत्याल मला. तुमी तर कापून सुलटाच केला!"

मी म्हणालो, "चल घरी." विचार न करता गेलं तोंडातून. एवढ्या माणसांत, मोठ्यानं.

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले. मग नाक पुसलं, उठली आणि हेल्मेट घातलं. "एवढंच ऐकायचं व्हतं. आता जाते मी."

दहावा सुटला. ती गाडी घेऊन सुटायच्या दोरीपाशी उभी आहे. पुढं कडेला जाऊन उभा राहतो, तिला दिसेल असा.