मान्यताप्राप्त लॅब

११ जानेवारी १९९३

पत्र आलं! सरकारी ड्रायव्हर आणि क्रेन ऑपरेटर यांची लघवी नशेसाठी तपासायची, तर आता मान्यताप्राप्त लॅबच लागणार. आमच्या लॅबचे मालक डॉ. अरुणकुमार यांनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. यंत्र आहे. ते चालवणारी मी एकटी. तपासनीस अठराला येणार.

१४ जानेवारी

यंत्राला अजून कोणी हात लावला नाही. फ्रीजला रंग दिला, कुलूप लावलं. बाटली कोणी कोणाला दिली, प्रत्येक वेळी रजिस्टरात सही. शिपाई भय्याजी चहाच्या कपाचीही सही मागून राहिले. म्हणतात, सवय लागू द्या.

१८ जानेवारी

दोन तपासनीस आले. काल रात्रीच गावात उतरले, साहेबांकडेच जेवले. साहेबांच्या पत्नी कमलिनीबाईंनी खसखशीचा शिरा केला होता, पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला म्हणे.

आज म्हणाले, स्वच्छ नमुना लावून दाखवा. साहेब पुढे झाले. "माझाच घ्या. मी सुपारीसुद्धा खात नाही."

यंत्रानं अफू दाखवली.

पुन्हा लावला. पुन्हा अफू! साहेब घामाघूम. मी हळूच सांगितलं — शिऱ्यामुळे असेल, खसखस अफूच्याच बोंडातली. मोठ्या तपासनीसांनी गंमत म्हणून स्वतःची बाटली दिली. तीही तशीच. हसत हसत शेरा लिहिला : यंत्र अचूक, काम समाधानकारक. दोन्ही निकाल मी रजिस्टरात नोंदले.

२२ जानेवारी

मान्यता मिळाली. पेढे.

२ फेब्रुवारी

पहिल्या बारा बाटल्या. एकीत अफू. टिकाराम, सरकारी जीपचा ड्रायव्हर. वीस वर्षांत एक अपघात नाही. दुपारी दारात येऊन उभा राहिला. लेक बाळंतीण आहे, तिच्यासाठी खसखशीची खीर केली होती, ती यानंही खाल्ली. "बाई, मले तर अफू कशी दिसते तेबी माहीत नाही."

मी साहेबांना म्हटलं, रिपोर्टखाली तसं लिहू या. म्हणाले, पकडले गेले की सगळे हेच सांगतात.

टिकाराम निलंबित.

४ फेब्रुवारी

घरी मारोतरावांना सांगितलं. मग म्हणाले, "कावून साहेबाच्या वाट्याले जाऊन राहिली? नोकरी जाईन." नवरा म्हणून बरोबरच बोलले. पण जेवण गेलं नाही मला.

९ फेब्रुवारी

टिकारामची चौकशी. मला साक्षीला बोलावलं. रजिस्टर घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी विचारलं, खसखशीनं असं होतं याला पुरावा काय? मी अठरा जानेवारीचं पान वाचलं.

"ही पहिली बाटली कोणाची?"

"डॉक्टर अरुणकुमार यांची."

साहेब समोरच बसले होते.

११ फेब्रुवारी

टिकाराम पुन्हा ड्युटीवर! साहेब माझ्याशी गोड बोलले. त्याचीच धास्ती वाटते.

१५ फेब्रुवारी

नवा नियम — लॅबच्या माणसांचीही तपासणी. यंत्रावर आता साहेबांचा भाचा बसतो. माझी पाळी उद्या.

१६ फेब्रुवारी

सकाळी कामावर गेले तर टेबलावर माझा रिपोर्ट. लॅबचा शिक्का, साहेबांची सही. अफू.

बाटली मी अजून दिलेलीच नाही.