गप्पी मासे आणि माझा लोकसहभाग

२ ऑगस्ट
आजपासून मी डेंग्यू संशोधन प्रकल्पाचा लोकसहभाग समन्वयक. व्हिजिटिंग कार्डं नवी पेठेत छापायला टाकली. प्रकल्पप्रमुख डॉ. सई मॅडम, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. म्हणाल्या, उपळाईकर, वस्तीत बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. ऐकण्याची कला माझ्यात उपजतच आहे, हे मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी त्या नुसतं हं हं करत होत्या. इम्प्रेस झाल्या बहुतेक.
संकल्प: फक्त ऐकणे.

४ ऑगस्ट
वस्तीत पहिली फेरी. यंत्रमागांच्या खटखटीत काही ऐकू येईना, म्हणून मीच बोललो.
सुरुवात गौस रिक्षावाल्याच्या घरापासून. त्याच्या बायकोला, झीनतला, सांगितलं: साठवलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या होतात, दर आठवड्याला पिंप रिकामं करून घासून कोरडं ठेवा. ती म्हणाली, साहेब, नळाला पाणी कधी येणार तेवढं सांगा की, आत्ता रिकामं करते. मी म्हटलं, ते खातं माझं नाही. तिने चहा दिला. पहिल्याच दिवशी चहा! विश्वास संपादन झाला.
शेजारच्या नीलम्मा तेलुगू बोलतात. मी रात्री दोन शब्द पाठ केले होते. ‘मी डासांवर काम करतो’ म्हणायचं होतं. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर गौसकडून कळलं, मी ‘नेनु दोम’ म्हणालो, म्हणजे मी डास आहे. असू दे. जवळीक निर्माण झाली.

९ ऑगस्ट
वस्तीत मला डाससाहेब म्हणतात. प्रभाला (बायकोला) सांगितलं, लोकांनी प्रेमाने नाव ठेवलंय. ती म्हणाली, प्रेमानेच असेल.

१४ ऑगस्ट
मास्टरस्ट्रोक! गप्पी मासे अळ्या खातात. मत्स्यबीज केंद्रातून डबाभर आणले. मॅडमनी बजावलं होतं, आधी घराघरात विचारा, मासे फक्त वापरायच्या पाण्यात, पिण्याच्या पाण्यात अजिबात नको. पण विचारत बसलं की लोक फाटे फोडतात. आधी फायदा दिसू दे, मग परवानगी आपोआप मिळेल. झीनत दुकानात गेली होती. दाराशी दोन पिंपं. एकात सोडले.
सरप्राईज.

१५ ऑगस्ट
ते पिण्याचं पिंप निघालं.
झीनत मला गाठायला बोळाच्या तोंडापर्यंत आली होती. पिण्याच्या पाण्यात मासे सोडायला हे काय कंबर तलाव हाय का, म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. मी ऐकलं. (मॅडमना कळवायला हवं, आज शंभर टक्के ऐकणं झालं.)
मॅडमनी ताबडतोब जाऊन माफी मागायला सांगितली. माफी मागण्यापेक्षा संवाद बरा. पण आधी वातावरण निवळू दे.
प्रभा म्हणाली, मासे बरे, नुसते नावाचे गप्पी.

१९ ऑगस्ट
वातावरण निवळायची वाट पाहतोय. दरम्यान २८ तारखेला भव्य लोकसहभाग महासभा घ्यायचं ठरवलं. बॅनरवर माझा फोटो. मॅडमचाही आहे, छोटा.

२२ ऑगस्ट
गौसची मुलगी यास्मीन तापाने फणफणलीय. बी.एस्सी.ला आहे. पहिल्या दिवशी तिनेच मला उन्हातून सावलीत खुर्ची काढून दिली होती. वस्तीत बोलवा: माशांनी पाणी बिघडवलं, म्हणून ताप. रक्त तपासायला गेलेल्या आमच्या माणसांना कुणी दार उघडेना. माशांमुळे डेंग्यू होत नाही, हे शास्त्र आहे. मी फोनवर गौसला पंधरा मिनिटं शास्त्र सांगितलं. पलीकडे कुणी नव्हतं. त्याने मध्येच कधीतरी फोन ठेवला होता.

२३ ऑगस्ट, सकाळी
मॅडम मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उपळाईकर, ती पोरगी वाचली पाहिजे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
भाषण तयार केलं. तीन मुद्दे, एक उदाहरण.

२३ ऑगस्ट, दुपारी
भाषण झालं नाही. झीनत दारात उभी होती. पोरीच्या कपाळावरून नुकताच उचलल्यासारखा तिचा हात हवेतच होता. पहिला मुद्दाच आठवेना. म्हटलं, चूक माझी आहे. विचारायला पाहिजे होतं. तुम्ही मला बोला, पण तिचं रक्त तपासू द्या.
ती दारातून बाजूला झाली.
(हे सगळं प्रकल्पाच्या हितासाठी केलं, याची नोंद असावी.)

२४ ऑगस्ट
डेंग्यूच. प्लेटलेट घसरल्यात. गौसच्याच रिक्षातून दवाखान्यात नेलं. तो पोरीचं डोकं मांडीवर घेऊन मागे राहिला, म्हणून चालवायला नीलम्मांचा भाऊ बसला. मी यास्मीनच्या पायाशी अंग चोरून. तिने मला डाससाहेब म्हटलं. बरं वाटलं.

२६ ऑगस्ट
अजून घसरतायत. गौस जेवत नाही. शेजारी बसून मीही जेवलो नाही. संध्याकाळी दोघांनी एकेक केळं खाल्लं. फार बोलणं झालं नाही. विषयच नव्हता.

२८ ऑगस्ट
महासभा. बॅनर उत्तम. खुर्च्या उत्तम. माणूस एकही नाही. जनतेला अशा उपक्रमांची किंमत नाही, असं लिहिणार होतो, तेवढ्यात कळलं सगळी वस्ती दवाखान्यात गेलीय: यास्मीनच्या प्लेटलेट वाढल्या!
धावत गेलो. व्हरांड्यात बायकाच बायका. डॉ. सई मॅडम मधोमध जमिनीवर बसून ऐकत होत्या. झीनत म्हणत होती, पिंप रिकामं करायला जमणार न्हाय, पण झाकायला जमंल की. नीलम्मा म्हणाल्या, मागावरचं कापड घेऊ, कडेला इलॅस्टिक लावू. वापरायच्या हौदांत मासे सोडायचं ठरलं, ज्याची इच्छा असेल त्यानेच. माझ्या महासभेचे सगळे विषय संपले, आणि मी गौसबरोबर शहाळी फोडत होतो.

३० ऑगस्ट
पेपरात फोटो! त्या व्हरांड्यातला. मी स्पष्ट दिसतोय, हातात शहाळं. खाली छापलंय: ‘महिलांशी चर्चा करताना डॉ. सई. मागे रुग्णाचे नातेवाईक.’
समन्वयक हा शब्द कुठेही नाही! नावसुद्धा नाही. दवाखान्यात जाऊन गौसला दाखवलं, म्हटलं, बघा, केवढी चूक. त्याने पेपर डोळ्यांजवळ धरून वाचला, झीनतला वाचून दाखवला. ती म्हणाली, बरोबर छापलंय की.
संपादकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो. ‘महोदय’पर्यंत आलो आणि थांबलो.
उद्या बघू. उद्याही जमेल असं नाही. सकाळी यास्मीनला घरी आणायचंय.