भिंतीवरचा पासवर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्यांदा! बरोबर सव्वाचारला. मी हेडफोन लावून गोदामाच्या गाडीच्या ड्रायव्हरला रस्ता सांगतेय, "अंबाडी नाक्यावरून डावीकडे—" आणि तिथेच स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागलं. गाडी सरळ वाड्याला पोचली!

विशाल सर चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "रीमा, घरून काम म्हणजे घरचं नेट तुमची जबाबदारी. पंधरा तारखेपर्यंत ट्रायल आहे. अजून एकदा लाइन गेली तर मानकोलीला ऑफिसात येऊन बसावं लागेल."

मानकोलीला बसणार कशी? भाविक सात महिन्यांचा, अजून अंगावर पितो. म्हणजे नोकरीच सोडायची. नाही सोडणार.

भूपेश म्हणतो, "नेटवाल्याचा माणूस बोलाव." बोलावला होता की! पाच मिनिटं दिव्यांकडे बघितलं, बंद करून चालू केलं, चहा प्यायला, गेला. बंद-चालू मलाही येतं. एमएससीआयटीला नव्वद मार्क होते मला. मीच बघते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

राउटर उलटा केला. खाली स्टिकर, त्यावर आत शिरायचं नाव आणि पासवर्ड. दोन्ही एकच शब्द, कारखान्यातून आला तसा. चार वर्षांत कोणी बदललाच नाही! कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवायची, तसला प्रकार. पहिला तो बदलला.

मग कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. सतरा! घरात माणसं चार, त्यातलं एक रांगतंय. माझा लॅपटॉप, माझा मोबाईल, भूपेशचा, आईंचा आणि टीव्ही. हे पाच झाले. बाकीचे बारा कोण?

रेंज कुठवर जाते ते बघायला मोबाईल घेऊन अंगणात गेले. मागे वळले आणि कपाळावर हात मारला. आमच्या घराची दर्शनी भिंत! लग्नात पेंटर बोलावून रंगवलेली. कळस, नारळ, मोर, आणि खाली हातभर अक्षरांत भूपेश, रीमा आणि लग्नाची तारीख. आमचा पासवर्ड? दोघांची नावं आणि तीच तारीख!

संध्याकाळी भूपेशला विचारलं तर हसत सुटला. म्हणे हळदीला पाहुणे सारखे पासवर्ड विचारत होते, तर मी स्टेजवरून ओरडलो, "भिंतीवर वाचा!"

वाचला. अख्ख्या टेमघर गावाने वाचला.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवा पासवर्ड. चौदा अक्षरं, त्यात ना कुणाचं नाव, ना तारीख. सुरक्षेचा प्रकार जुनाट होता, तो बदलला. बटण दाबून कोणालाही जोडता यायचं, ती सोय बंद. राउटर शोकेसमध्ये भूपेशच्या क्रिकेटच्या ढालींमागे कोंबलेला होता. एवढ्या पत्र्यातून रेंज येणार कुठून! उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवला. सगळ्यांच्या मोबाईलात पासवर्ड मी माझ्या हाताने टाकला, कोणाला सांगितला नाही.

संध्याकाळी समोरचा पानवाला, "भाभी, आज आपका नेट बंद है क्या?"

"नहीं तो! एकदम मस्त चालू है!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार ते पाच, गाड्या सुटायची ऐन वेळ. एकदाही अडकलं नाही. मानलं मला!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा रखडलं. लाइन गेली नाही, पण सरांचा आवाज तुटक तुटक. यादी उघडली. सहा! पाच आपले. सहाव्याला नाव नाही, नुसते आकडे. पाचच्या ठोक्याला गायब.

पण पासवर्ड तर भिंतीवर नाही आता! म्हणजे घरातूनच गेला.

भूपेश ड्युटीवरून आला तसा धरला त्याला. "मित्रांना दिलास ना?"

"आईची शप्पथ, मी कोणाला दिला न्हाय!"

माझा विश्वास बसला नाही. मैदानावरचे सगळे ह्याचे भाऊ. खूप बोलले. तो जेवला नाही, मीही नाही.

पलीकडच्या अर्ध्या घरात मोठे भावोजी, केसरीनाथ. पण ते नव्हेतच. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या जिन्यावरून दोघा भावांचं भांडण झालं आणि घराच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. त्यांच्या क्षितिजालासुद्धा इकडे यायची बंदी, नऊ वर्षांच्या पोरीला! आईंची ती पहिली नात. आमच्या घरचं पाणी न पिणारा माणूस आमचं नेट कशाला घेईल?

८ नोव्हेंबर, शनिवार

आता शेवटचा उपाय. यादीत नाव असेल त्यालाच आत घ्यायचं, नुसता पासवर्ड असून भागणार नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःचा लांबलचक नंबर असतो, तो वहीत उतरवला, राउटरमध्ये भरला, बटण दाबलं आणि मीच बाहेर! एक आकडा चुकला होता. पदराची सेफ्टी पिन काढून राउटरच्या भोकात दहा सेकंद दाबून धरली आणि पहिल्यापासून सगळं परत. नशीब, शनिवारी मला काम नसतं.

झालं. पाच म्हणजे पाच. सहावा बसू दे दार ठोठावत.

१० नोव्हेंबर, सोमवार

एकदम झकास.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विशाल सर: "पंधरापर्यंत थांबायची गरज नाही. काम पक्कं समजा. घरूनच करा."

भाविकला उचलून नाचले. भूपेश पेढे घेऊन आला. शुक्रवारच्या बोलण्याची माफी मी अजून मागितलेली नाही. तो चोर होताच, असं मन म्हणतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नव्हता.

चारच्या गाड्या सुटायच्या आधी आईंना चहा द्यायला गेले. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवलेला, त्यावर व्हिडिओ कॉलची रिंग नुसतीच वाजतेय. सकाळचा चहाही तसाच पडलेला, वर साय धरलेली.

"काय झालं आई?"

"काय न्हाय." मग मोबाईलकडे बोट करून, "माजी पोर दिसत न्हाय गं."

भूपेशचा जुना मोबाईल, सिमकार्ड नसलेला, त्यांनी दिवाळीच्या आधीच मागच्या दगडी गडग्यावरून क्षितिजाला दिला होता. शाळेतून आली की पोर पलीकडून फोन लावायची. मध्ये एक भिंत, आणि आजी-नात रोज तासभर मोबाईलवर!

"पण नवा पासवर्ड तुम्हाला कसा कळला?"

"मना कुठं वाचता येतं? ती बोलली, आजी, तुज्या मोबाईलातला चौकोन दाव. मी गडग्यावरून दावला." क्यूआर कोड! पोरीने तोच स्कॅन केला.

चोर पकडायच्या नादात मी काय करून बसले! रडूच आलं. म्हटलं, आत्ता उघडते. तर त्यांनीच हात धरला, "तुजा कामाचा टाईम हाय. नोकरी जाईल. माजं काय, रडून गप बसेन."

नाही जाणार नोकरी. क्षितिजाच्या मोबाईलला आत घेऊन वेगाची मर्यादा घालता येते. मला सरांचं ऐकू येईल, आईंना पोर दिसेल. आज संध्याकाळपासून लाइटच गेलीय. उद्या कामाआधी पहिलं तेच. भूपेशची माफी मागितली. तो आईंच्या पलंगावर जाऊन बसला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सेटिंग उघडून बसले होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं. मोठे भावोजी. क्षितिजाचा हात धरून, उंबऱ्याच्या बाहेरच उभे. जमिनीकडे बघत म्हणाले, "पाच दिस झाले, पोरीच्या मोबाईलात आई दिसली न्हाय. बरी हाय ना ती?"